पाठीवरचा पंजा

वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच मी माहेराहून परत निघाले होते. केजच्या बसस्थानकात माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची शाळकरी लेक बसली होती. तिच्या मांडीवर बॅट होती.

"तोंड कावून पाडलंस, वैष्णवे?"

"आप्पा, मागल्या साली त्यो क्रिकेटचा खेळाडू पाचशेत बॅटवर सही देत होता. आवंदा दोन हजार!"

"वाढलाय भाव."

"होते की तुमच्याकडं दोन हजार."

"ते तुझ्या बुटाचे हायत. सही घालून पळता येतंय का?"

"तुमाला न्हाई कळायचं. तुमी कधी कुणाची सही घेतली?"

"घेतली की! जत्रंत, पैलवानाची. त्याला लिवता येत नव्हतं. आखाड्यातल्या लाल मातीचा पंजा उठवला माझ्या पाठीवर, पांढऱ्या सदऱ्यावर. फुकट!"

"कुठंय त्यो सदरा?"

"तुझ्या आज्जीनं धुतला. मी दोन दिस जेवलो न्हाई."

"आप्पा, पाठ करा इकडं."

"अगं, बाकाखालच्या धुळीत हात कावून घालतीस?"

"करा तर."

"हळू! इस्तरीचा सदरा हाय."

"उठला बघा पंजा. आता आईला धुवू द्यायचा न्हाई."

"आन तू मोठी खेळाडू झाल्यावर?"

"तवा बी तुमाला फुकटच."

बस लागली. दारात रेटारेटी सुरू झाली. मी आप्पांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे धरून, मागच्यांना थोपवत चढले.