चूळ न भरता

— नको गं, पाणी नको. ठेव ती बाटली तुझ्याकडेच. नाही, उलटी होत नाहीये मला — म्हणजे होईलसं वाटतंय, पण होऊ देणार नाही. तू आत जा हवं तर, रणजीत सर वाइनचा दुसरा ग्लास ओततील आता. नाही जायचं? मग बस इथे, या कुंडीशेजारी. दिव्या ना तू? तळेगावहून येतेस, ओळख करून दिलीस तेव्हा ऐकलं मी. बस दिव्या. अर्ध्या तासानं तुला एक काम सांगणार आहे, अगदी साधं. पण तोवर मला पाणी द्यायचं नाही, बडीशेप द्यायची नाही, आणि पर्समध्ये चाचपतेयस ती गोळी तर मुळीच नाही. शी, काय ती चव! जिभेवरनं कुणीतरी भिजलेली सुतळी ओढत नेल्यासारखं वाटतंय. आणि आतले ते सगळे डोळे मिटून — वा, काय रेशमी आहे! रेशमी म्हणे. आणि मग एकापाठोपाठ एक उठून त्या स्टीलच्या बादलीत थुंकतात. सुटाबुटातली माणसं, वाकून, पच्‌कन. आमच्या शाळेत भिंतीवर थुंकणाऱ्या पोराला मी पट्टी दाखवायची, आणि आज मी स्वतः, साडी सावरत, त्याच बादलीत — तू पाहिलंस ना? माझ्या शेजारीच होतीस. सगळं थुंकले ना मी? घोट गेला का घशाखाली? नाही ना? नीट आठवून सांग. बरं. तेवढं लक्षात ठेव, मग लागेल.

तुला वाटलं असेल, या बाई इथे चुकून आल्यात. बाजूच्या हॉलमध्ये साखरपुडा आहे, तिकडच्या असतील. पहिल्या शनिवारी दारावरच्या मुलानं मला तिकडेच नेऊन बसवलं होतं, हातात गुलाबाचं फूल देऊन! तू आजच आलीस म्हणून, नाहीतर एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय — शुभदाबाई, सांगवीच्या, भूगोलाच्या. येतात, पहिल्या बाकावर बसतात, सगळं लिहून घेतात आणि बाटल्या उघडायच्या वेळेला निघून जातात. रणजीत सर हसतात, पण चांगला माणूस आहे, अडवत नाही. भूगोल म्हटलं तर सगळा माझाच विषय आहे गं. बर्गंडी. फ्रान्समधली एक लांबट टेकडी, पूर्वेकडे तोंड, खाली चुनखडी, मध्ये चिकणमाती, समुद्र होता तिथे कधीकाळी, शिंपले सापडतात. आपल्याकडे नुसता काळा कातळ. पोरांना शिकवायला किती छान होतं हे! पण ही माणसं त्यावर काय बोलतात? या उतारावरच्या दारूला भूछत्राचा वास येतो. त्या उतारावरच्या दारूला कुजक्या पानांचा. आणि जुनी झाली की गोठ्याचा. गोठ्याचा! माझं आजोळ मावळातलं, मी शेण काढलंय लहानपणी, मला कुणी कौतुकानं सांगितलं नाही गोठ्याचा वास कसा येतो ते. इथे पैसे भरून शिकवतात.

आणि ती उतरंड त्यांची. टेकडीच्या बरोबर कमरेला जी जमीन, ती सगळ्यात थोर. तिच्या वरची-खालची जरा कमी. त्याच्या खाली गावाच्या नावाची. आणि मोठा रस्ता ओलांडला की बहुतेक ठिकाणी गावाचंही नाव संपलं, नुसता प्रांत. द्राक्षाची वेल तीच, पिनो न्वार, पातळ सालीची नाजूक बया. पण रस्त्याच्या या अंगाला कुलीन, त्या अंगाला कुणीच नाही. मला चाकणजवळचं निघोजे आठवलं — कंपन्या आल्या तेव्हा रस्त्याच्या एका बाजूचे रातोरात शेठ झाले, दुसऱ्या बाजूचे त्यांच्याच गेटवर वॉचमन. बाटलीवर द्राक्षाचं नाव सापडत नाही बघ बहुतेक. जमिनीचं असतं. लग्नपत्रिकेत घराण्याचं नाव ठसठशीत आणि मुलीचं कुठेतरी खाली, तसलाच प्रकार. एक बिचारं दुसरं द्राक्ष होतं, गामे, भरपूर यायचं, गरिबाला परवडायचं — तर सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या राजानं हुकूम काढून हाकलून दिलं त्याला. दुष्ट, बेइमान झाड म्हणून. झाड बेइमान! हसतेस काय, खरं आहे.

पण एक गोष्ट मात्र मानते मी त्यांची. वेलीला पाणी घालायचं नाही, ठरल्यापेक्षा जास्त पीक घ्यायचं नाही, बाहेरचं द्राक्ष मिसळायचं नाही — आणि मोडलं तर नाव काढून घेतात. दारू ओतून देत नाहीत, नाव काढतात. पण त्याच्या आधी तपासतात गं. जाणती माणसं बसतात, चाखतात, कागद बघतात, मालकाला बोलायला देतात. मगच नाव जातं. तिकडे द्राक्षाला एवढं मिळतं. इकडे माझ्या पोरीचं नाव एका हवालदाराच्या नाकानं गेलं.

इरा. माझी मुलगी. — नाही, तू कशी ओळखणार. मागच्या वर्षी तीच बसायची इथे, दर शनिवारी दुपारी. चाकणला एका हॉटेलात होती, परदेशी इंजिनिअर उतरतात ना, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये. वाइनची परीक्षा द्यायची होती तिला. घरी जेवताना चमच्यातल्या वरणाचा वास घ्यायची आणि सांगायची, आई, आज हिंग पुढे आलाय, मागे आमसूल. एकदा विचारलं मी, अगं रोज एवढे ग्लास, तुला चढत नाही? तर म्हणाली, गिळतं कोण, थुंकतो आम्ही. आणि गालात पाणी भरून मोरीत थुंकून दाखवलं, अशी बारीक धार, एकही थेंब न सांडता. केवढा अभिमान! मी म्हटलं, शी, बंद कर, जेवायची वेळ आहे.

त्या शनिवारी हाच धडा होता. हीच बर्गंडी, हीच लाल. सरांनी सांगितलंय मला, दरवर्षी क्रम तोच असतो. इथून सुटली, स्कूटरवर बसली, संध्याकाळच्या शिफ्टला चाकणला निघाली. मोशीच्या पुढे एक कंटेनर गल्लीतून उलटा आला, मागे न बघता. दिवसाढवळ्या. हेल्मेट होतं तिला. — राहू दे, ते नाही सांगत मी. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तो हवालदार बाहेर उभा होता, तोंडात तंबाखूचा बार, आणि माझ्या मिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, पोरीनं घेतलेली होती हो, वास येत होता तोंडाला. जास्त ताणू नका, तुमचीच बदनामी. मी म्हटलं, रक्त तपासा. तर म्हणे वास आल्यावर तपासायचं काय त्यात! त्याच्या स्वतःच्या तोंडाला काय वास होता माहितीये? मला आत्ता, इथे, येतोय तो.

मग काय, झालं. कंटेनरवाला सुटला तो सुटलाच. नातेवाइकांना तर विषयच मिळाला. दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. ऊन चढलं, पिंडाभोवती सगळे हात जोडून उभे, कुणी म्हणतंय तिचं लग्न राहिलं, कुणी म्हणतंय आईबापाची काळजी असेल. आणि रंगराव, माझे धाकटे दीर, त्यांनी कुणाला तरी गाडीवर पिटाळलं. कशाला ते मला कळलं नाही. तो आला, खिशातून छोटी बाटली काढली, आणि रंगराव भाऊजींनी माझ्या डोळ्यांदेखत द्रोणात ओतली — म्हणाले, आवडीचं ठेवावं लागतं वहिनी, लाजून कसं चालेल. साठ-सत्तर माणसं, दिव्या. कुणीतरी मागे हसलं. मी द्रोण उचलला आणि नदीत भिरकावला. कावळा काही आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि म्हणाले, चला, झालं. गवताचा कावळा! त्यालासुद्धा वास आला असेल म्हणतील लोक.

लोकांचं मला काही नाही गं. लोक बोलतात आणि दुसऱ्या घरी जातात. पण सदाशिव, माझे मिस्टर — घाटावर त्यांनी भावाला अडवलं नाही. मी म्हटलं, धक्का आहे. मग परवा, आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो होतो, काही विषय नाही, काही नाही, आणि हा माणूस शेंगेकडे बघत म्हणतो — आपण तिला एकदा नीट विचारायला हवं होतं, पिते का म्हणून. म्हणजे वर्षभर हेच होतं पोटात! मी सांगितलं, अहो ती थुंकायची, तिनं मला दाखवलंय. तर म्हणाले, शुभदा, थुंकलं तर वास कसा राहील? अगदी हळू म्हणाले, मला दुखू नये म्हणून. त्याचीच किळस आली मला. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिच्या फोटोला रोज हार तेच घालतात, आणि घालताना मान वळवतात. मी बघितलंय.

म्हणून आज बाटल्या उघडल्या तरी बसले मी. सरांना विचारता आलं असतं, हो, विचारलंच ना — ते म्हणाले, राहतो बाई वास, राहतो. पण सर म्हणजे दारूवालेच, त्यांचं कोण ऐकतंय? घरी वाइन आणवत नव्हती, देवघरापलीकडेच स्वयंपाकघर आमचं. आणि इथून मोशीपर्यंत स्कूटरवर साधारण अर्धा तास लागतो, मी रिक्षानं जाऊन पाहिलंय. तेवढा वेळ मी आता काढलाय तुझ्याशी बोलत. पाणी नाही, काही नाही. तिनंही नव्हतं घेतलं, पाण्याची बाटली घरीच विसरली होती ती, ओट्यावर तशीच भरलेली होती.

किती झाले? बघ तुझ्या फोनवर. झाला ना अर्धा तास?

मग आता काम. जवळ ये. अजून. लाजू नकोस, मला काय कमी लाज वाटतेय? मी तोंड उघडते, तू वास घे. आणि हे बघ, माझ्याकडे बघून सांगायचं नाही. दया करून हो म्हणालीस तर मला कळेल, मी वर्गातल्या पोरांचं खोटं तीस वर्षं पकडत आलेय. हं. घे.

...

काय? मोठ्यानं सांग.

येतो?

कसला? — नाही, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. दारू प्यायलेल्या माणसासारखा? तसाच? आणि गिळला होता का मी एक थेंब तरी? नाही ना? तू शेजारी होतीस. तू पाहिलंस.

नाही, मी रडत नाहीये. अगं, पाणी कशाला परत काढतेस, वेडी आहेस का! चूळ भरली तर सगळं गेलं. मला हे असंच, हे घाणेरडं तोंड घेऊन सांगवीला जायचंय. रिक्षावाला म्हणेल, बाई पिऊन आल्यात. म्हणू दे. सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर तेही म्हणू देत. सदाशिव दार उघडतील ना, तसंच, चप्पलसुद्धा न काढता, त्यांच्यासमोर उभी राहणार आहे.

सोड हात. तू जा आत, तुझा ग्लास ओतून ठेवला असेल. आणि थुंक हं नीट. — जा म्हटलं ना. मला आता बोलायचं नाहीये. बोलून बोलून वास उडेल.