चिमटीचं माप

हात धुतलेस ना? नाही गं, तसे नाही — साबणानं धू, कोपरापर्यंत, आणि त्या कागदी रुमालाला पूस, टॉवेलला नको. मी नाही म्हणत बाई, हा सुमेधाचा कायदा आहे. बघ की, फ्रिजवर चिकटवलाय, चांगला टाइप करून. दारातून येणाऱ्यानं आधी हात धुवायचे, बाहेरचा खाऊ गाडीतच ठेवायचा, विचारल्याशिवाय आन्याला, माझ्या नातीला, काही म्हणजे काही द्यायचं नाही. माझा सख्खा मुलगा — अतुल — ऑफिसातून आला की आधी बेसिनपाशी जातो, मग लेकीला उचलतो. सोवळं-ओवळं करते म्हणून माझ्या सासूला आम्ही किती हसायचो, आणि आता सून बायोटेकच्या लॅबमध्ये आणि घरात हे! असो. ये, शरयू, इकडे उभी राहा. हे लाटणं घे. तुझे हात गरम आहेत का गं? दाखव. हं — गरम आहेत. जरा गार पाण्याखाली धर. लोणी वितळलं की संपलं, मग क्रोसाँ नाही होत, पाव होतो.

तर ही कणीक रात्रीच भिजवून ठेवलेली, आणि हा लोण्याचा चौकोन, असा पोटात घालायचा, चारी बाजूंनी पाकीट बंद करायचं, आणि लाटायचं — दाबायचं नाही, लाटायचं — लांब पट्टी झाली की तीन पदरी घडी, की फ्रिजमध्ये अर्धा तास. असं तीनदा. ते झालंय, आता शेवटचं लाटणं. तुला वाटत असेल काकू हे कुठून शिकल्या? अगं, चिरोटेच आहेत हे! साट्याच्या जागी लोणी, बाकी काय? बत्तीस वर्षं सोलापुरात पोरींना होम सायन्स शिकवलंय मी, मला पदर काय सुटत नाहीत होय? सुमेधानंच इंटरनेटवरून कागद काढून दिले. झालं काय, कॉफीच्या दुकानात काचेच्या कपाटाला नाक लावून आन्या उभी राहायची — चॉकलेटचा चंद्र हवा म्हणायची — आणि ही तिला ओढत बाहेर. बेकरीत कशाला काय लागलेलं असेल सांगता येत नाही म्हणे. चार वर्षांचं लेकरू, सगळ्या दुकानात ओठ काढून रडतंय. मी म्हटलं, मी करते चंद्र. तेव्हापासून बघ, आजी म्हटलं की चंद्र. बाकी मराठी येवो न येवो, 'आजी, चंद्र कर' एवढं स्पष्ट म्हणते.

झोपलीय वर. तू यायच्या आधी दहा मिनिटंच झोपली. सकाळची शाळा असते ना तिची, दुपारी दमून येते. तो बघ ओट्यावर — बेबी मॉनिटर. इथं अमेरिकेत, बोथेलमध्ये उतरल्या दिवशी अतुलनं मला हाच पहिला शिकवला, मायक्रोवेव्हच्याही आधी. वर हूं केलं की हे दिवे लागतात — हिरवे थोडे, आणि जोरात आवाज झाला की लाल. मघाशी सारखे नाचत होते, खोकत होती जरा. ऑक्टोबर आहे, पाऊस पाऊस पाऊस, कुणाला सर्दी नाही इथं? मीच आवाज बारीक केला. नुसती खरखर, खरखर, काम सुचत नाही. आता बघ, कशी शांत झोपलीय. एकसुद्धा दिवा नाही.

इकडे जाड राहिलंय, इकडून लाट. हं.

पाच महिने झाले मला, कळलंसुद्धा नाही. पुढच्या गुरुवारी विमान. आणि तुला सांगू का शरयू — दुसरं कुणाला सांगणार, तू आपली समोरच्या दारातली — पाच महिन्यांत या घरात दाण्याचं कूट म्हणून नाही! सोलापूरच्या बाईनं कुटाशिवाय स्वयंपाक केला. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी केली, कशात घोळवलेली? कशातच नाही. गोंदासारखा गोळा. काकडीची कोशिंबीर बिनकुटाची, वांगी बिनकुटाची. का? तर आन्याला शेंगदाणा चालत नाही. दीड वर्षाची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला पीनट बटरचं बोट चाटलं आणि अॅम्ब्युलन्स आली, तोंड सुजलं, श्वास लागला — हे मला फोनवर सांगितलेलं. मी नव्हते ना तिथं. आता ते बाटलीतलं शिळं लोणी, त्यात काय काय घातलेलं असतं, पोराला बाधणार नाही तर काय होईल? पण इथल्या डॉक्टरांनी सुईनं दंडावर टोचून ठिपके बघितले आणि सांगितलं, जन्मभर नाही. आमच्या अख्ख्या घराण्यात दाणा बाधलेला माणूस दाखव मला. अतुल दात येत असल्यापासून शेंगा चटणी खातोय. त्याच्या पोटी ही!

हे सुद्धा मी चालवून घेतलं असतं. खरंच. पण फेब्रुवारीत प्रसन्नचं लग्न आहे. माझ्या धाकट्याचं. मी म्हटलं आन्या करवली होईल, परकर-पोलकं शिवून ठेवलंय मी, मोरपंखी, जरीचं. तर परवा जेवताना सुमेधा म्हणते — आवाजसुद्धा चढवला नाही गं, तो तिचा गुणच आहे — म्हणते, आई, अतुल येईल, मी आणि आन्या नाही येणार, तिथं प्रत्येक ओट्यावर कूट असतं, मी कुणाकुणाचे हात धुवायला लावू? आणि अतुल खाली मान घालून भात कालवतोय. म्हणजे या मुलीनं माझं घर बघायचंच नाही? कधीच? मी अशी सहा-सहा महिन्यांचा शिक्का घेऊन पाहुणी म्हणून यायचं, आणि गुडघे गेले की तेही बंद. मग तिला आजी म्हणजे काय, फोनमधला आवाज.

आता चॉकलेट. ही वाटी — नाही, ती नको, ती राहू दे. ही घे, ही नुसती आहे. त्रिकोण काप, रुंद बाजूला चॉकलेट ठेव, आणि गुंडाळ.

ती? त्यात पण चॉकलेटच आहे. आन्याचं वेगळं ठेवते मी.

बाळगुटी दिलीस का गं तू तुझ्या यशोधनला? नाही? तुम्ही पोरी काय! पहिल्या दिवशी सहाणेवर हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, मग हळूहळू दोन, चार — अंगाला सवय होते. वेखंड एकदम दिलं तर मोठा माणूस उलटी करेल, पण तान्हं बाळ पचवतं, का? माप. सगळं मापात आहे. मी वर्गात हेच शिकवायचे — विष आणि औषध यांत फरक चिमटीचा. तसंच हे. पहिल्या दिवशी मी दिलं ते मुंगीनं उचलावं एवढं. चॉकलेटमध्ये. काय झालं? काही नाही! दुसऱ्या दिवशी दोन कण. सहाव्या दिवशी तोंडाभोवती जरा लाल झालं, मी तूप लावलं, सुमेधाला वाटलं थंडीनं फुटलं. अकराव्या दिवशी ओकली, पण दूध पण प्यायली होती ना त्यावर. आज सतरावा दिवस. सतरा दिवस माझी नात दाणे खातेय आणि या घरात कुणाला पत्ता नाही!

का गं, थांबलीस का? लोणी मऊ होईल.

हो, दाण्याचंच कूट. भाजलं मी, सगळे गेल्यावर, पंखा लावून, खिडक्या उघडून. संध्याकाळी सुमेधा नाक उडवत होती, म्हटलं तीळ भाजले. आणि आणले कुठून म्हणून काय विचारतेस, तुझ्याच गाडीतून आणले की! आपण बेलव्ह्यूच्या दुकानात गेलो होतो ना — पोह्यांच्या खाली होते पिशवीत. तू बिचारी दोन्ही पिशव्या उचलून आत आणून दिल्यास.

असं बघू नकोस गं माझ्याकडे. आज सांगणारच आहे मी त्यांना. म्हणून तर एवढ्या चंद्रांचा घाट. संध्याकाळी सगळे बसले की आन्याच्या हातात एक देणार, ती खाणार, संपवणार, आणि मग सांगणार — सुमेधा, तुझ्या मुलीनं आत्ता दाणे खाल्ले, बघ, हसतेय. मग फेब्रुवारीला कोण अडवतं ते बघते. पण त्याच्या आधी मला खात्री नको? आठ दिवस उरलेत, चिमटी-चिमटीनं कधी पुरं व्हायचं? म्हणून आज शाळेतून आल्यावर सकाळी केलेला एक पूर्ण चंद्र दिला. चांगलं चमचाभर कूट घालून. खाल्लान् की! अर्धा खाल्ल्यावर म्हणते कशी, 'आजी, इट्स स्पायसी.' चॉकलेट कधी तिखट असतं का, सांग! मी म्हटलं, खा गं सोन्या, उरलेला खाल्लास तर टीव्ही. जीभ अशी घासत होती दातांवर. माझ्यासाठी खाल्लान् पण सगळा. मग म्हणाली मला निजायचंय. कधी आपणहून निजायला जात नाही ती. आज गेली.

कुठं निघालीस? अगं पीठ लागलंय हाताला — शरयू! झोपमोड होईल तिची! आत्ताच खोकला थांबलाय, राहू दे ना — बरं, बरं, जा, बघून ये, पण दिवा लावू नकोस. लांबूनच बघ. किती ती घाई, जिना काय पळून जातोय?

ही आजकालच्या पोरींची एक तऱ्हाच असते. एवढंसं काही — तो बघ, दिवा लागला. हिरवा. उठली वाटतं. लाल! उठवलीस ना शेवटी? आवाज मोठा करते थांब, आता रडायला लागेल — हा तर तुझाच आवाज आहे. एवढ्या मोठ्यानं हाका काय मारतेस तिला? हळू मार. चार वर्षांचं पोर घाबरेल. आन्या, उठ गं बाळा, शरयूमावशी आलीय, ओ दे तिला. ओ दे.

काय? काय म्हणालीस? पेन? ते अॅलर्जीच्या इंजेक्शनचं, लाल पाकिटातलं? दारापाशी नाही ते. नाही, मोठी सुई आहे त्यात गं, लोकरीच्या सुईएवढी! अतुल म्हणतो जरा काही झालं की मांडीत टोचायची, मुलीचं काळीज धडधडतं त्यानं. आज कुणी उगाच घाईनं टोचू नये म्हणून मी ठेवलंय — माझ्या बॅगेत. कुलपात. हो, काढते, काढते की, ओरडू नकोस. आले. आकड्यांचं कुलूप आहे, पलंगाखालून ओढते — थांब — लोण्याचे हात झालेत, कुलपाची चाकं फिरत नाहीत. पदराला पुसते. निसटतंय गं. पाच. पाच आणि मग —

हे इंग्रजीत कुणाशी बोलतेस? फोनवर? पत्ता कशाला देतेस घराचा? अॅम्ब्युलन्स नको गं बोलावू, गल्लीभर होईल, सुमेधाला कळेल — जरा पाणी शिंपड तोंडावर, उठेल ती. काय विचारतायत? काय खाल्लं? चॉकलेट. चॉकलेट सांग त्यांना. चॉकलेटचा चंद्र. घरी केलेला, ताज्या लोण्याचा. एवढंच सांग, शरयू, तुझ्या पाया पडते मी, तेवढंच सांग, बाकीचं मी माझ्या तोंडानं सांगेन सुमेधाला, संध्याकाळी, सगळे बसले की —

ओठ कसले? निळे?

दाणे. दाणे सांग. शेंगदाणे! सांग त्यांना लवकर — चिमटी नाही, चिमटी नाही, चमचा होता, शिगोशीग भरलेला मोठा चमचा, अर्ध्या तासापूर्वी, मी दिला, मीच दिला. ऐकलंस ना? त्यांना म्हण आजीनं दिला. हे बघ उघडलं कुलूप, मिळालं पेन, आले मी, जिन्यावरच आहे, मॉनिटर हातातच आहे माझ्या — शरयू, तू जरा गप्प राहा बाई. एक क्षण बोलू नकोस. तुझ्या आवाजानं दिवे लागतायत. गप्प राहा, मला बघू दे तिचा लागतोय का.