मेंढरं कुणाला द्यायची

मिशन दवाखान्यात उत्कर्षाचा नंबर यायला अवकाश होता, आणि कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत. मागच्या बाकावर घोंगडं पांघरलेला एक म्हातारा बायकोला विचारत होता.

"ते चित्तर हाय का गं अजून भिंतीला? मला समदं धुरकट दिसतंय."

"हाय की. कोंबडा आन् रडणारा पेत्र. हितं आपला धनाजी झाला तवा सिस्टरबाई गोष्ट सांगायच्या."

"येशूला धरून नेल्यावर त्याचा चेला पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी न्हाय वळखत त्याला."

"आन् मागनं येशूनं त्यालाच सांगितलं, माझी मेंढरं राख."

"तू लई हसली व्हतीस."

"हसू न्हाय तर काय! असल्याला कोण मेंढरं देतं?"

"आमचा आबा द्यायचा. ज्याच्या राखणीत लांडग्यानं कोकरू नेलं, त्यालाच पुन्हा राखणीला बसवायचा. तसा गडी पुन्हा डोळा मिटत नसतोय."

"ऱ्हाऊ द्या. आता आपली मेंढरं कुणाला द्यायची, ते बोला. पुतण्या सयाजी गुणाचा हाय."

"धनाजीला."

"त्याला? कालेजात तुमी भेटाया गेलासा, तर दोस्तांना म्हणाला, गावचा गडी आलाय! सख्ख्या बापाला वळख दिली न्हाय त्यानं!"

"म्हणून तर त्यालाच."