एकतीस बंद दारं

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांच्या ताई, ताईंचे यजमान, सांख्यिकी कार्यालयातले माझे आजी-माजी सहकारी आणि इथे आवर्जून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळाकडे थोडा काणाडोळा करावा, ही विनंती.

ताईंनी सत्तावीस वर्षं या जिल्ह्यातलं एकच घर शोधलं. सगळी घरं कमाईप्रमाणे, कमी ते जास्त, एका रांगेत उभी करायची; अगदी मधोमध उभं राहील त्याची कमाई किती, ते दरवर्षी सांगायचं. आम्ही विचारायचो, सरळ सरासरी का नाही काढायची? त्या म्हणायच्या, "एका गिरणीवाल्याला घबाड मिळालं, तर सरासरी फुगते. मधल्या घराच्या चुलीवर काय शिजतं, ते तिला कुठे कळतं?"

हे सगळं आधीचे वक्ते सांगून गेले. ताईंना बढती का मिळाली नाही, ते मात्र कुणी सांगितलं नाही. कसं सांगणार? ते फक्त दोघांना ठाऊक आहे.

अकरा वर्षांपूर्वी डोंगराकडच्या नऊ गावांची पाहणी माझ्याकडे होती. मी गेलो तेव्हा पाहणीसाठी निवडलेल्या घरांपैकी एकतीस घरांना कुलूप होतं. जवळची खाण बंद पडल्याने माणसं खडी फोडायला लांब गेली होती, तीन महिन्यांनी परतणार होती. नियम असा, की दार बंद असेल तर तीनदा जायचं, शेजारी चौकशी करायची. मी एकदाच गेलो. उन्हाचे दिवस, मोटारसायकल बिघडलेली; कारणं काय, शोधली की सापडतात. मी बंद घर सोडून पुढचं उघडं घर घेतलं. आता सांगा, भर दुपारी घर उघडं कुणाचं असतं? दुकानदाराचं, पेन्शनवाल्या मास्तरांचं.

त्या वर्षी मधल्या घराची कमाई एकदम वर गेली. वरच्या कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. मागोमाग जिल्हा गरजूंच्या यादीतून निघाला आणि डोंगराकडे जाणारा फिरता दवाखाना बंद झाला.

आकडा ताईंच्याच सहीने गेला होता, पण काही महिन्यांनी तो त्यांना पटेना. मागच्या नऊ वर्षांचे कागद टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, "खाण बंद पडली, आणि घरं श्रीमंत झाली? चल, गाडी काढ."

आम्ही दारोदार फिरलो. सहाव्या गावात एक सुतारकाका रंधा मारत होते. माझ्या एकतीस कुलपांतलं एक त्यांचं. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात माणसं किती?

"मागच्या वर्षी दोन होती," काका म्हणाले. "हिचं दम्याचं औषध त्या गाडीतून यायचं. गाडी थांबली, तेव्हा दोनदा मोठ्या गावाला चालत जाऊन आणलं. तिसऱ्यांदा गरज पडली नाही."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. माझ्याच्याने आत उभं राहवेना.

ताईंनी आकडा दुरुस्त करून पाठवला. दवाखाना पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष लागलं. चुकलेल्या आकड्याची चौकशी झाली, तीत त्यांनी लिहून दिलं, "तपासणी माझी होती, चूक माझी आहे." त्यांची बढती तिथेच अडली. मी राजीनामा घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "तू गेलास तर नवा माणूस येईल, तोही एकदाच दार ठोठावेल. तू राहा आणि तीनदा जा."

मी राहिलो. तीनदा जात राहिलो. पण खरं बोलायला मला अकरा वर्षं लागली.

मागच्या महिन्यात मी सुतारकाकांकडे गेलो आणि सांगितलं, की तुमचं घर वगळणारा मी होतो. काकांनी हातातला रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या ताईंनी मला त्याच वर्षी येऊन सांगितलं, की चूक त्यांची. मी त्यांना उंबरा चढू दिला नाही. तरी त्या दरवर्षी यायच्या, पायरीवर बसून प्रश्न विचारायच्या. मी पाणीसुद्धा विचारलं नाही हो."

ताई, काकांनी आज इथे यायचं ठरवलं होतं. बसपर्यंत आले आणि परत फिरले. म्हणाले, काय तोंड दाखवू?

मलाही तोच प्रश्न पडला होता. तरी आलो, कारण उद्यापासून तुम्ही कार्यालयात नसाल.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, शब्द चुकले असतील, वेळही जास्त घेतला; तेवढं सभागृहाने पोटात घालावं. बाकीची क्षमा ताईंकडे आणि काकांकडे मागायची आहे. ती मिळावीच, असं माझं म्हणणं नाही.