शंभर मीटरच्या आतली होडी

मी, सदा बाबाजी नाखवा, वय ४९, धंदा मासेमारी, शिक्षण सातवी, राहणार कोळीवाडा, थळ. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून लिहून देतो की,

माझी होडी दुरुस्तीसाठी शाळेपुढच्या वाळूत ओढलेली आहे. बुडाची एक फळी काढली आहे. शाळेत विधानसभेचे मतदान केंद्र होते. एका उमेदवाराचे चिन्ह शिडाची होडी असल्याने माझा मेहुणा हर्षद याने सकाळी साडेआठला हरकत घेतली. तो कढई चिन्हाच्या उमेदवाराचा प्रतिनिधी आहे.

निवडणूक आयोगाच्या क्षेत्रीय अधिकारी सोनल मॅडम यांनी टेपने मोजले. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत कुठलेही चिन्ह दिसता कामा नये असा नियम आहे; चौऱ्याण्णव मीटर भरले. माझ्या होडीला शीड नाही, इंजिन आहे, असे मी सांगितले. वर ताडपत्री टाकली. हर्षद म्हणाला, "दाजी, झाकली तरी होडी ती होडीच." माझी पत्नी केसर म्हणाली, "तुझी कढई घराघरात चुलीवर हाय. ती पन शंभर मीटर लांब नेऊ?" मॅडमनी ते ऐकले नाही असे दाखवले. त्या म्हणाल्या, "आयोगाला कुणी आपला नाही, कुणी परका नाही. टेप सगळ्यांना सारखीच." हे मला पटले. आमच्या देवीपुढेही रांग एकच असते.

होडी सरकवायला मतदानाच्या रांगेतली वीस माणसे आली. आमच्याकडे होडीला हात लावताना ती कुणाची हे विचारत नाहीत. मॅडमनी घोषणा नको म्हणून बजावले. मी देवीचे नाव मनातच घेतले. गुपचूप जोर लावला, पण प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळी लागला. होडी हलली नाही. मग कुणीतरी "होडी पुढं!" अशी आरोळी दिली व सर्वांनी "हैसा!" म्हटले. होडी सात मीटर सरकली.

ही आरोळी मी प्रचारासाठी दिली, अशी हर्षदची तक्रार आहे. ती खोटी आहे. आरोळी हर्षदचीच होती. लहानपणापासून तोच देतो. त्याचा आवाज मोठा आहे.

होडी जप्त करू नये, ही विनंती. फळी बसवल्याविना ती उन्हात राहिली तर तडकेल व हंगाम जाईल. मत कुणाला दिले ते केसरलाही सांगितलेले नाही.

जबाब हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. "होडी पुढं" हे शब्द येताच बाहेर बाकावर बसलेला हर्षद "हैसा" म्हणाला. तेही माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले आहे. सर्व बरोबर आहे.