भातात कणी

हॅलो?… हॅलो, कोण?… जोरानं बोल, खरखर होऊन राहिली…

धुरपता! अवं तू होय का… हाव, मीच, जागेश्वर. तुहा भाऊ. भय्याजीनं निरोप धाडला का साकोलीहून बहिणीचा फोन आहे, तं अर्ध्या दाढीनं त्याच्या दुकानात धावत आलो…

हाव, परवाच आलो मुंबईहून. तुही वहिनी बी मजेत. तिचं काय विचारतं, अर्धं पवनी गाव फिरून झालं तिचं सांगत सांगत…

पण तू अशी हळू काहून बोलून राहिली?… कोण आलं? पुंडलिकराव?… तुह्या पोरीचे, गुलाबचे सासरे… होणारे, हाव, होणारे. ओसरीवर चहा पिऊन राहिले… तारीख काढाले आले, मंग चांगलंच झालं ना! त्यात कुजबुज कायची?…

हं… माह्या टेकचंदचं विचारलं त्यायनं? मामाचा पोरगा मुंबईले काय करते म्हणून… अन् तू काय सांगतलं?… कंपनीत कारकून.

…

नाही वं, तुह्यावर काहून रागवू? मीच तं सगळ्यायले तसं सांगत होतो. एकुलता एक पोट्टा, शिकलासवरला, अन् हॉटेलात आचारी झाला… कोण्या तोंडानं सांगू? तीन वर्ष त्याच्याशी बोललो नाही, तुले तं माहीत आहे…

थांब, थांब. त्यायले चहा पिऊ दे. तू आधी मुंबईची गोठ ऐक.

नाताळाची सुट्टी होती. त्यायच्या हॉटेलात त्या दिवशी दुपारी काम करणाऱ्यायच्या मायबापाले जेवाले बोलावतेत… नाही, मागच्या खोलीत नाही! समोर, मोठमोठ्या लोकायमंधी. इटलीचं जेवण. आचाऱ्यायचा मोठा साहेब बी तिकडचाच… मी कायले जातो? पण तुही वहिनी दोन दिवस जेवली नाही. अन् धानाची चुरणी-मळणी आटोपली होती, तं वावराचा बहाणा बी नोहता.

काय सांगू धुरपता… टेबलावर पांढरी चादर अशी, का हात ठेवाले जीव होत नाही. वाढपी कोट घालून, टाय लावून. नवरदेव फिका पडन त्याच्यासमोर… अवं गुलाबचा नवरदेव नाही म्हणून राहिलो मी! कोणताबी!… मांडीवर टाकाले रुमाल देल्ला, तं तुह्या वहिनीनं तो नाक पुसाची दस्ती समजून कमरेत खोचला. खोचू दे म्हटलं…

हाव, सांगतो ना. पह्यले पाव आणला, अन् वाटीत तेल. तेलात बुडवून खा म्हणे. भाजी नाही, वरण नाही. तुही वहिनी म्हणे, गरिबी दिसते इटलीत… हसू नको, ऐक.

मंग आला भात. हाव, भात! मले वाटलं, आता आपल्या घरचं काही आलं. पिवळा, केसर टाकलेला, वरून चीज किसलेलं. तोंडात टाकला अन्… आत कणी!

कणी वं! शिजलाच नाही पुरा. बाहेरून नरम अन् मंधात टणक. मी ताटातलं शीत उचललं, बोटानं दाबलं, तं हाव, कणी. आता तूच सांग, आपण पिढ्यान् पिढ्या धान पिकवणारे. आपल्याइकडं असा भात वाढला तं पंगत उठून जाईन का नाही?… मंग! मी त्या कोटवाल्याले बोलावलं अन् म्हटलं, कोण्या आचाऱ्यानं रांधला रे हा भात? बोलाव त्याले…

जोरानं म्हणजे, जसा बोलतो तसाच बोललो. आजूबाजूचे सगळे पाहाले लागले. तुही वहिनी टेबलाखालून पाय मारून राहिली…

हॅलो?… नाही नाही, ट्रंकवाल्या बाई, कापू नका. तीन मिनिटं झाले तं होऊ द्या, अजून चालू ठेवा… हॅलो, धुरपता? आहे ना?

तं आतून साहेब आला. गोरा, लालबुंद, डोक्यावर हातभर टोपी. अन् त्याच्या मांगं, मुंडी खाली घालून… टेकचंद. भात त्यानंच रांधला होता! मले काय माहीत? मले वाटे, कांदे चिरत असन…

हाव ना. पोट्ट्याची नोकरी मीच घालवली म्हटलं, भर पंगतीत. साहेबाले मराठी येत नाही, मले त्याची बोली येत नाही. मंग टेकचंदच मंधात उभा. तीन वर्षानं पह्यला शब्द बोलला माह्याशी… म्हणे, बाबा, साहेब विचारून राहिले, भातात काय चुकलं?

…

सांगतो, सांगतो…

मी काय खोटं बोलू? ताटातल्या भाताबद्दल खोटं बोलता येत नाही मले. म्हटलं, कणी राहिली म्हणून सांग. त्यानं बिचाऱ्यानं सांगतलं. जसंच्या तसं सांगतलं, धुरपता! स्वतःचीच चूक, पण शब्द नाही बदलला त्यानं. अन् साहेबानं काय केलं असन? माह्या ताटातलं शीत उचललं, असं दोन बोटात दाबलं, अस्सल आपल्यासारखं… अन् जो हसला! टेकचंदच्या पाठीवर अशी थाप मारली का पोट्टा टेबलावर पडता पडता वाचला.

अवं, त्यायच्याइकडं तसाच लागते तो भात! आत कणी ठेवूनच उतरवाचा. पाणी घोट घोट टाकत ढवळाचा, अन् नेमक्या वक्ताले उतरवाचा. एक पळ इकडचा तिकडं झाला का गिचका गोळा. साहेब म्हणे, इथं कोणालेच जमत नाही, या पोरानं पह्यल्या दिवशीच धरलं. त्यानं विचारलं होतं म्हणे टेकचंदले, कुठं शिकला? अन् यानं काय सांगतलं होतं?…

म्हणे, माह्या बाबानं शिकवलं.

… हाव. खळ्यावर तीन दगड मांडून मी भात रांधो ना, तवा शीत दाबाले लावो त्याले. सात वर्षाचा असन. मी विसरून गेलतो वं. तो नाही विसरला. मी तीन वर्ष तोंड फिरवून बसलो, अन् तो तिकडं माहं नाव सांगे…

रडलो. हाव, रडलो, त्यात काय? ताट मात्र पुसून खाल्लं. अन् त्याले म्हटलं, मीठ बरोबर आहे. एवढंच बोलता आलं… हाव, त्याले समजलं.

काय? चहा झाला त्यायचा? फोन देऊन राहिली?… नाही. कंपनी-बिंपनी नाही सांगणार आता. नाही धुरपता. गुलाब माही भाची आहे, तिच्या लग्नात मी खोटं… दे तू. दे म्हटलं ना!

…

रामराम जी, पुंडलिकराव… मजेत, मजेत… हाव जी, मुंबईलेच असते पोरगा… नाही. कंपनीत नाही जी. आचारी आहे. हॉटेलात भात रांधते… हाव, आचारी. खोटं मी पसरवलं होतं. बहिणीची चूक नाही, तिनं भावाचं झाकलं. तुमचं मन फिरलं असन तं आताच सांगा, पण माह्या पोराले खाली पाहाले लावू नका…

हॅलो?… जोरानं बोला जी, खरखर होऊन राहिली…

आं?… टेकचंदच पाहिजे, कान पिळाले?… हाव, गुलाबले सख्खा भाऊ नाही, तं मांडवात नवरदेवाचा कान पिळाचा मान टेकचंदचाच… येईन ना जी! पोरगा सुट्टी काढून येईन!… मंग नवरदेवाले आताच सांगून ठेवा. आचाऱ्याचा हात आहे. उकळत्या भातातलं शीत बोटानं काढते तो. कान सांभाळ म्हणा!…

हाव… हाव जी… ठेवतो.