आमदाराची भिंत

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याची गाडी काही येईना, म्हणून नईमाचे कान आपसूक मागच्या बाकाकडे वळले. निवडणुकीच्या भिंती रंगवणारा धर्मपाल ताहेर टेलरला आमदाराचं काम सांगत होता.

"त्यायचं नाव ऑइलपेंटनं लिवतो आन् निशाणी गेरूनं."

"गेरूनं कावून?"

"पुसाले सोपी जाते. सभापती होते तवा एक पक्ष, पयल्या आमदारकीले दुसरा, दुसरीले तिसरा."

"मंग औंदा चौथी निशाणी?"

"औंदा त नावई गेरूनंच लिव मनतात. फक्त आडनाव ऑइलपेंटनं."

"आँ? ते कावून?"

"पोरगा पंचवीसचा झाला ना बाप्पा!"

ताहेर असा खदखदला की मांडीवरची कापडाची पिशवी खाली घरंगळली. नईमानं ओढणी तोंडात कोंबली. समोर अकोल्याची गाडी लागली, तरी नईमा जागची हलेना.

"आन् खाली 'कापसाले भाव देऊ' लिवलं हाय, ते?"

"ते पयल्यापासून ऑइलपेंटनं. पंधरा वर्सं झाले, एक अक्षर बदलाव लागलं नाई."